दुसरी फळी

नर्स पालेसानं गोळ्या पुन्हा मोजल्या,
ट्रेवर, बोथट सुरीनं, दोन-दोन सरकवत.
सहा जास्त उरल्या.
"सहा रात्री, मा-खाउहेलो?"
मी म्हटलं, दिराच्या घरी मयत होती,
एका खोलीत अकरा बायका,
आणि बाटली वाजते.

रक्त घोड्यावरून डोंगर उतरलं,
पुढं ट्रकनं मासेरूला.
कागद आला: चौदा हजार.
मग तीन महिने एकही चुकवली नाही.
शेजारणीच्या रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या
की पाण्याचा घोट.
पुन्हा कागद: एकवीस हजार.

"औषध हरलं," पालेसा म्हणाली, "तू नाहीस."
हे तिला प्रशिक्षणात शिकवलं असणार.
तरी बरं वाटलं.

मग ती स्टुलावर चढली.
पहिल्या फळीवर साऱ्या खोऱ्याची औषधं,
बाटलीला बाटली खेटून.
दुसरीवर आम्हा तिघांची.
सकाळी दोन, संध्याकाळी दोन,
पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या,
शिवाय एक पांढरी, तीही दोनदा.
"पोट बिघडेल. लापशी खाऊन घे.
चढावर दम लागला तर लगेच ये, रक्त बघू."
"आणि हीसुद्धा हरली तर?"
ती खाली उतरत होती, बोलली नाही.
मी वर बघितलं.
तिसऱ्या फळीवर जुन्या नोंदवह्या होत्या,
आणि कुणाची तरी छत्री.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.
जुन्या गोळीत स्वप्नं होती.
वेल्कोमच्या खाणीतून खोकला घेऊन आलेला,
आणि त्याच हिवाळ्यात गेलेला मोत्लातसी
त्या गोळीच्या अंगानं रोज रात्री यायचा,
डोक्यावर दिवा तसाच पेटलेला.
दारातूनच विचारायचा,
घोडीची नाल बघितलीस का?
चार वर्षं. एवढंच.
मी म्हणायची, बघते उद्या.

नव्या गोळ्यांनी पहिले दोन आठवडे
मला परसात पळवलं.
मग झोप लागली,
धुतलेल्या पातेल्यासारखी.
आत काही नाही.

सहा महिन्यांनी कागद: आढळला नाही.
पालेसानं टाळी वाजवली,
ओसरीवरच्या रांगेनं मान वळवून पाहिलं.
मी कागदाची घडी केली,
चारदा,
आणि चढ चढून घरी आले. दम लागला नाही.

घोडी कुंपणापाशी उभी होती.
एकेक पाय उचलून पाहिला.
मागच्या डाव्याची ढिली आहे.