बर्फाचं फावडं

तिग्रानला मंगळवारी सांगितलं, दहा वाजून वीस मिनिटांनी.
साडेदहाला त्याच्या कार्डानं दार उघडेना.
त्याचं अर्धं घासलेलं भिंग
यंत्रावर तसंच फिरत होतं, पाण्याच्या धारेखाली.
ते मी बंद केलं.
मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याची चूक
त्याच्या बोटांना कळायची, मापकाच्या आधी.

मला आधी काय वाटलं ते लिहून ठेवते:
वाटलं, सुटले.
मग वाईट वाटलं.
या क्रमानं.

साठ दिवस.
तेवढ्यात नवा मालक शोधायचा, जो कागद भरेल,
फी भरेल, वकिलाची वाट बघेल,
नाहीतर देश सोडायचा.
अनुशनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
एकपासून साठपर्यंत आकडे टाकले.
पेन्सिलीनं. खोडायला लागले तर म्हणून.

मी त्यांना सांगायला गेले, आमच्याकडे म्हणतात,
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
तिग्रान म्हणाला, त्याला निदान नांगी तरी असते.
आणि आम्ही हसलो, दाराशी,
बुटांतला चिखलबर्फ पुसण्यावर झटकत.
रॉचेस्टरचा मार्च. तळ्यावरून येणारा वारा
कुणाचा व्हिसा बघत नाही, सगळ्यांना सारखाच सोलतो.

बाविसाव्या दिवशी बफेलो.
चौतिसाव्या दिवशी ॲरिझोना, फोनवर, दीड तास.
सगळे म्हणाले, असा हात आम्ही पाहिला नाही.
आणि फॉर्मच्या तळाशी तो प्रश्न:
आज किंवा पुढे कधी
तुम्हाला आमच्या कागदांची गरज लागेल का?
चौकोन दोन.
खरं बोलायचं असेल तर एकच.

नायरी सात वर्षांची.
शाळेच्या नाटकात ती लायलॅकचं झाड.
तिला संवाद नाही. सगळे भांडून थकले
की तिनं शेवटी फुलायचं.
नाटक त्रेसष्टाव्या दिवशी.
हे अनुशला ठाऊक, तिग्रानला ठाऊक, मला ठाऊक.
बाईंनी चिठ्ठी पाठवली: फांद्या जरा मोठ्या करा,
मे येईपर्यंत मुलं वाढतात.
अनुशनं मोठ्या केल्या.
रात्री टेबलावर जांभळ्या कागदाच्या पाकळ्या,
शेजारी अर्जांच्या प्रती.
एकदा एक पाकळी चुकून
बायोडेटाला चिकटून गेली टक्सनला.
तिकडून उत्तर आलं नाही.

बावन्नाव्या दिवशी गॅरेज उघडून त्यांनी सामान मांडलं.
दिवा, सोफा, छोटी सायकल, न उघडलेला डिनर सेट.
समोरचा अर्ल सोफ्यासाठी घासाघीस करत होता,
म्हणाला, तुम्ही चांगले शेजारी,
आणि मग पाच डॉलर आणखी कमी.
कॉफीचं पितळी भांडं टेबलावर होतं, तिघांनी विचारलं.
अनुशनं तिसऱ्यांदा ते उचलून आत नेलं.
मी बर्फाचं फावडं घेतलं.
मे महिन्यात? तिग्राननं विचारलं.
दहा सांगितले, मी वीस दिले, तो सुटे शोधायला गेला,
मी नको म्हटलं, तो हट्टानं गेला.
खरं कारण मी सांगितलं नाही:
माझा कागद ऑक्टोबरअखेर संपतो.
इथे बर्फ नोव्हेंबरात पडतो.
हिशेब मी पैसे काढतानाच केला होता.

एकोणसाठाव्या दिवशी ते गेले. सहा बॅगा.
झाड बॅगेत मावेना.
नायरीनं ते माझ्या गाडीत ठेवलं,
म्हणाली, शाळेत दे, ते दुसऱ्या कुणाला होता येईल.
मी दिलं. बाईंनी विचारलं, परत कधी येणार?
मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर.
असं का म्हटलं कोण जाणे.

त्याचं भिंग आता माझ्याकडे दिलंय.
घासताना मीही हल्ली
मापकाआधी बोटानं बघते. मला कळत नाही.
एप्रिलपासून कारखान्यात कुणी मंगळवारी
नवा डबा आणत नाही, आदल्या दिवशीचंच खातात.
कॅफेटेरियात बोलणं दहाला थांबतं,
साडेदहाला पुन्हा सुरू होतं, जरा मोठ्यानं.

फावडं गॅरेजमध्ये उभं आहे.
दांड्यावर काळ्या शाईत त्याचं नाव,
त्याच्या लिपीत; मला ते आकड्यांसारखं दिसतं.
दांडा माझ्या उंचीला फार लांब आहे.
वीतभर कापायला हवा.
करवतही आहे, तिथेच, खिळ्याला.
बघू,
ऑक्टोबर जाऊ दे.