गळ

कळमन्याच्या बाजारात पहाटेचा लिलाव आटोपला
की टेंभुर्णे सर सायकलला दोन पोती बांधून निघायचे.
गळ. झाडानं पिकायच्या आधीच टाकून दिलेली संत्री,
हिरवी, लिंबाएवढी, फुकटही कोणी नेत नाही अशी.
"हे आपले बॉल," म्हणायचे. "खरे सहाच आहेत. ते मॅचले."

अजनीच्या मैदानाचा तो कोपरा
क्रिकेटवाल्यांनी नको म्हणून सोडलेला.
पलीकडे लोको शेड, अलीकडे कडुनिंब,
मधे आम्ही अकरा पोट्टे-पोट्टी,
घरी विचारलं तर
"क्रिकेटसारखंच असते" म्हणून सुटणारे.

सर बाजूला उकिडवे बसून फेकायचे.
संत्रं बॅटच्या मधोमध बसलं तर फुटायचं,
तोंडावर आंबट तुषार, डोळे चुरचुरायचे;
कडेला लागलं तर नुसतं घरंगळायचं
मातीत, अखंड.
कोणी कसं मारलं, शर्टच सांगायचा.
आईही दारातूनच ओळखायला शिकली:
"आज बी कोरडीच आली?"

अल्तमश डावखुरा.
शाळेनं, घरानं, शेजाऱ्यांनीसुद्धा
त्याचा तो हात वळवून पाहिला होता.
सरांनी त्याला प्लेटच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं.
"तू इकून मार," एवढंच.
त्या सकाळी त्यानं नऊ फोडली.
रडला का, ते रसामुळे कळलं नाही.

मला घाई.
हात आधी, डोळे नंतर.
"बोरकुटे, गाडी सुटून राहिली का वं तुही?"
आणि महिनाभर बॅटच दिली नाही.
नुसती उभी राहा. येऊ दे.
देठ कुठं आहे ते सांग.
फेकलेल्या, फिरत्या संत्र्याचा देठ!
तीन आठवडे मी खोटंच सांगितलं,
वर, खाली, वर, मनाला येईल ते.
सर मान हलवायचे, वहीत काही मांडायचे.
एका मंगळवारी मी म्हटलं,
"सर, याले देठच नाही."
त्यांनी वही मिटली. बॅट पुढे केली.

सांगलीला शेवटचा चेंडू मी सोडला.
वीतभर बाहेर होता.
पंचाचा हात वर गेला आणि आम्ही संपलो.
परतीच्या डब्यात माझ्याशी कोणी बोलेना,
सोनकुसरेनं तर चिवड्याची पिशवीही वळवून धरली.
बडनेऱ्याला सर दोन चहा घेऊन आले.
"पाह्यला होता?"
"हो."
"बाहेर होता?"
"हो."
"मंग झालं."
चहा गोड होता, फार गोड.

आता मेडिकलच्या बालरुग्ण वॉर्डात रात्रपाळी.
जुलाबानं सुकलेलं सात महिन्यांचं लेकरू,
इंटर्ननं तीनदा टोचून हात टेकलेले.
"सिस्टर, तुम्हीच बघा."
मी सुई उचलत नाही.
इवलं मनगट ट्यूबलाइटकडे कलतं करते.
त्याची माय चिडते, "करा ना लवकर!"
खरं आहे तिचं.
तरी उभी राहते, श्वास बारीक करून,
कातडीखाली एक निळं काही
येऊ देते.

मागच्या फाल्गुनात सर बर्डीवर दिसले,
संत्र्यांच्या हातगाडीपाशी, काठी टेकून.
"कोण वं तू?"
नाव सांगितलं. डोळ्यांत काहीच हललं नाही.
मग म्हटलं, "देठ नाही म्हणाली होती ते."
त्यांनी गाडीवरचं एक उचललं
आणि फेकलं, सरळ माझ्याकडे.
दोन्ही हातांत पिशव्या. छातीवर आपटून ते रस्त्यावर गेलं,
एका ऑटोखाली.
गाडीवाला ओरडला. सरांनी दहाची नोट काढून दिली,
माझ्याकडे वळले.
"वर होता."
"डावीकडे," मी म्हटलं, "जरासा खाली."
त्यांनी खिसा चाचपला, मग दुसरा.
वही नव्हती.