डोंगर जवळ आले त्या दिवशी

रूळ इथं संपतात.
एक लोखंडी अडसर, त्याला टेकवलेली कुणाचीतरी सायकल,
आणि बारा पावलांवर बोटीचा धक्का.

गाव जुनं, म्हणजे किती,
तर वेशीच्या भिंतीत पुराच्या खुणा कोरल्यात:
अठराशे सतरा माझ्या खांद्याशी,
नव्वद त्याच्या दीड वीत खाली,
आणि परवाचं नव्व्याण्णव कमरेच्या जरा वर.
प्रत्येक खुणेपाशी मी उभी राहिले,
शिंप्याकडे माप द्यायला राहतात तशी.

खोली दिली क्रेसेंझ मांगोल्डनं.
सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे,
जिना उतरताना प्रत्येक पायरीला वेगळी शिवी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्याला ओला रुमाल बांधला
आणि म्हणाली, "फॉन."
दक्षिणेकडून डोंगर ओलांडून उतरणारा ऊन वारा.
त्यानं दूध नासतं, पोरं शाळेत मारामाऱ्या करतात,
न्हावी कान कापतो, असं ती म्हणते.
आणि डोंगर जवळ येतात.

खरंच आले होते.
काल जिथं नुसता एक धुरकट संशय होता
तिथं आज आल्प्स,
एकेक घळ, एकेक भेग,
बर्फाच्या कडेची मळकी किनारसुद्धा;
मागच्या बाकांवरून उठून
एकदम पुढं येऊन बसलेली थोराड मुलं जशी.

क्रेसेंझ खिडक्या पुसत होती.
फक्त तळ्याकडच्या.
रस्त्याकडच्या काचांवर वर्षाची धूळ, तिकडे तिचं लक्षच नाही.

"त्रेसष्ट साली हे सगळं गोठलं," ती म्हणाली.
"मी आठची. लोरेंझ एकोणीसचा.
चालत गेलो पलीकडे.
धुकं असं, की आपलाच हात परका.
पलीकडच्या चर्चवाले घंटा देत राहिले,
त्या आवाजाची दोरी धरून आम्ही पुढं.
बर्फ पोटातून कण्हत होता."

मी काही विचारलं नाही.
पण चेहऱ्यावर आलं असणार,
कारण ती फडकं पिळता पिळता हसली:
"बुडाला नाही गं!
पलीकडे एका पाववाल्याच्या मुलीनं त्याला गरम दूध दिलं.
मार्चात बर्फ वितळला, हा काही परतला नाही.
अजून आहे तिथंच. ते बघ, हिरव्या झडपांचं घर."

मला घर दिसलं नाही. तिला दिसत होतं.

अकरा वर्षं बोलणं बंद आहे.
आईची नाव कुणी विकली, कुणाला न विचारता,
हे तिनं दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा वेगळं.

दुपारच्या बोटीला निघाले तेव्हा
तिनं माझ्या हातात बरणी ठेवली. बिहीचा मुरांबा.
झाकणावर सुतळी, सुतळीला गाठ अशी
की आयुष्यभर नावा बांधलेल्यालाच सुटावी.
"निरोप काय देऊ?"
"काही नको.
बरणी परत हवी म्हणावं."

पाण्याच्या मधोमध सीमा कुठून जाते
हे तिन्ही देशांनी कधी ठरवलंच नाही म्हणे.
माझ्या फोनची तारांबळ:
ऑस्ट्रियात स्वागत, स्वित्झर्लंडमध्ये स्वागत,
पुन्हा जर्मनीत स्वागत,
मग तोही गप्प.
शेजारी एक मुलगा कुरव पक्ष्यांना पाव उडवत होता,
आणि प्रत्येक तुकड्याआधी स्वतः एक घास.

वारा पडला. पश्चिमेकडून ढग आले.
डोंगर एकेक करून उठले
आणि आपापल्या जागी मागे गेले.

मी वळून गावाकडे पाहिलं.
इतक्या खिडक्यांत पुसलेल्या कुठल्या, कळेना.
मग क्षणभर ऊन पडलं, एक काच चमकली.
मी हात हलवला.

हलवून झाल्यावर वाटलं,
ती कुठं माझ्याकडे बघतेय.

बरणी दुसऱ्या मांडीवर घेतली.