एफ-चौदा

स्क्रूड्रायव्हर देताना ऑर्व्हिल म्हणाला,
पितळ मऊ असतं, जोर लावू नकोस.
तीनशे बारा खुर्च्या. प्रत्येकीच्या हातावर देणगीदाराची पाटी,
पाटीला दोन स्क्रू.
म्हणजे सहाशे चोवीस. हिशेब मला येतो,
एकोणतीस वर्षं तिकीटखिडकीत दुसरं काय केलं?

निम्मं घर तिकिटांवर चालायचं, निम्मं झोळीवर.
झोळी आधी जड होती, मग हलकी,
मग नुसतीच खांद्यावर.

बोर्डाचं पत्र आलं, भाषा लोकरीसारखी:
'विराम', 'पुनर्विचार', 'या कठीण काळात'.
छत गळतं हे त्यात नव्हतं.
जानेवारीत, दुसऱ्या अंकात,
बॉयलर दोनदा खोकला आणि गेला,
बाहेर ईरी सरोवर गोठलेलं,
आत लोक कोट चढवून, तोंडातून वाफा सोडत
शेवटपर्यंत बसले,
हेही नव्हतं.
एकशे एक्केचाळीस लोक. मी मोजले होते.

मग फोन.
सीझन पासवाल्यांची यादी, वाक्य टाइप करून दिलेलं:
उरलेल्या तीन नाटकांचे पैसे परत हवेत,
की देणगी म्हणून ठेवून घेऊ?
'ठेवून घेऊ'वर माझी जीभ अडखळायची.
बुडत्या होडीत अजून थोडं सामान टाका,
असं कोण कोणाला सांगतं?
तरी बरेच जण म्हणाले, ठेवा.
एकाने एकसष्ट डॉलर मागितले, वरच्या सेंटसकट,
आणि मग फोनवरच रडत राहिला.
एका नंबरवर मुलगा बोलला:
आई मार्चमध्येच गेली,
तुम्हाला कळवायचं राहून गेलं.
मला कळवायचं!
जणू मी नात्यातली.

ए रांग: बँक. तिला दुसरीने गिळलं, दुसरीला तिसरीने,
पाटीवर अजून पहिलीच.
सी रांग सबंध टायर कामगार युनियनची.
कारखाना होता तिथे आता गवत आहे, गवतात हरणं.
डी-सात: 'इयत्ता पाचवी, खोली नंबर सहा'.
ती पोरं नाण्यांची बरणी घेऊन आली होती,
मी पेनीसुद्धा मोजून पावती दिली होती.
एकेक पाटी निघते, कॉफीच्या डब्यात पडते.
खाली लाकडाचा चौकोन, मूळ रंगाचा,
अंगठी काढल्यावर बोट दिसतं तसा.

एफ-चौदा.
'ड्वेन पास्क. याला नाटकं आवडत नसत.'

दर पहिल्या शुक्रवारी यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून,
दिवे मंदावले की झोपायचा,
टाळ्या झाल्या की जागा होऊन सर्वांत जोरात वाजवायचा.
तो गेल्यावरही विल्हेल्मिना दोन तिकिटं घेत राहिली.
तेरावर ती, चौदावर तिचा कोट.
मी एकदा म्हटलं, कोट ठेवायला खाली जागा आहे, फुकट.
म्हणाली, माहीत आहे.

आज ती आली, वॉकर ढकलत, पुतणी मागे.
मी खिशातून पाकीट काढलं,
पाटी यात घालून देते म्हटलं.
खुर्च्यांचं काय करणार, तिने विचारलं.
पुलापलीकडच्या लूथरन चर्चने घेतल्या, चाळीस डॉलरला एक.
आणि इमारत?
भाड्याची गोदामं. लोकांचं जास्तीचं सामान.
हं, म्हणाली. नाटकाचं परीक्षण ऐकावं तशी.
मग बराच वेळ खुर्चीकडे पाहत राहिली.

'राहू दे पाटी तिथेच.
चर्चमध्येही तो झोपायचाच.'

पुतणी आधी हसली, मग हात तोंडावर.
मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला
आणि एफ-पंधराकडे सरकले.

सहाशे बावीस.
चर्चच्या माणसाने यादीत विचारलं तर
सांगेन, स्क्रू गंजलेला होता.
पितळ गंजत नाही हे ऑर्व्हिलला माहीत आहे.
तो काही बोलणार नाही.

संध्याकाळी सात पंचवीसला, सवयीने,
मी लॉबीतले दिवे तीनदा मिचकावले.
रस्त्यापलीकडे बसची वाट पाहणाऱ्या एका बाईने
हातातली सिगारेट पटकन विझवली.