जरा कळ काढा

शाळेत मुलं पाच, वर्ग एक.
स्वीनॉय बेटावर वाऱ्याचीही हजेरी घ्यायची, तर सहा.
संगणक तीन. एकाची एक कळ
हानुसने मागच्या हिवाळ्यात उपटली,
तिथे आता सुक्या माशाचा खवला चिकटवलाय. चालतो.

राजधानीतून पत्र आलं:
मुलांनी खेळ नुसते खेळू नयेत, तयार करावेत.
सोबत ठोकळे, पडद्यावरचे, रंगीत, एकात एक अडकणारे.
जर. तर. नाहीतर.
दहा वेळा कर.
कायम करत राहा.
मी रात्र जागून शिकले,
सकाळी मुलांनी मला शिकवलं.

रोकुरने मेंढ्या केल्या. त्या कड्यावरून पडतात,
पडल्या की गुण मिळतात.
अरे, उलट हवं ना?
तो म्हणाला, बाई, मग खेळणार कोण?

हानुसचं जहाज स्वतःच्याच नांगरावर आपटून बुडतं.
ते तसंच हवंय की चुकलंय
हे त्याचं अजून ठरायचंय.

आणि बेरगटोरा, वय नऊ.
तिच्या पडद्यावर एक धक्का, तीन पिंपं, एक बाक,
बाकावर पाय हलवणारा मुलगा.
पाण्याचा राखाडी बसवायला तिला दोन तास लागले.
खिडकीशी जायची, बघायची, परत यायची,
किंचित हिरवा घालायची, काढायची.
खेळाचं नाव: बोट.
बोट कुठेच नाही.

तपासणीला तुम्माससाहेब आले सकाळच्या फेरीने.
त्यांनी चारी बाण दाबले.
लांब पट्टी दाबली. मग सगळंच दाबलं,
पियानोवर मांजर चालावं तसं.
मुलगा पाय हलवत राहिला.
बेरगटोरा मागे उभी, हात पाठीशी,
ओठ असे मिटलेले की जणू तोंडात खिळे धरलेत.
साहेबांनी रकाना भरला:
खेळाडूला प्रतिसाद: शून्य. काम अपूर्ण.

दुपारी वारा पूर्वेला वळला. फेरी रद्द.
दुसऱ्या दिवशीही रद्द.
साहेबांनी सात फोन केले,
धक्क्यावर जाऊन दोर बांधायच्या खुंट्याला लाथ मारली.
कुणी हसलं नाही.
तो खुंटा गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

तिसऱ्या दिवशी ते वर्गात येऊन बसले,
शेगडी पेटलेली होती म्हणून.
मी कॉफी दिली.
त्यांनी मग दोन्ही तळव्यांत धरला
आणि समोर तो पडदा तसाच उघडा राहिलेला.

एक मिनिट.
पिंपांच्या सावल्या सरकल्या. मला आधी वाटलं, भास.
दोन.
एक पक्षी आला, पिंपावर बसला, उडाला.
साहेबांचा हात मगावरून सुटू लागला तशी
बेरगटोरा पहिल्यांदा बोलली:
कळ दाबू नका ना.
जरा कळ काढा.

त्यांनी काढली.
कोपऱ्यात ठिपका आला.
ठिपक्याला नाक फुटलं, मग धूर, मग बाजू,
आणि बोट लागली.
उतरलं काय काय: पीठ, बल्ब, टपालाची पिशवी,
दातांचे डॉक्टर.
डॉक्टर कशाला? साहेबांनी विचारलं.
ते नेहमी येतात, ती म्हणाली,
कुणाला नको असले तरी.

संध्याकाळी तिचे ठोकळे उघडून पाहिले.
होते मोजून पाच. त्यातले तीन असे:
जर कुठलीही कळ दाबली,
तर घड्याळ पुन्हा शून्यावर आण.
कायम करत राहा.
वाट पाहायला मी तिला शिकवलं नव्हतं.
या बेटाला वाट म्हणून आहे ती पाण्याचीच,
आणि ती पाहतच मुलं मोठी होतात.

साहेबांनी 'अपूर्ण' खोडलं नाही.
चौथ्या दिवशी गेले. खेळाची एक प्रत मात्र
खिशात घालून नेली, विचारलं कुणालाच नाही.
उरलेला रकाना मी भरला.
खेळाडूने काय केले?
काही नाही. तीन मिनिटे.

आता रोकुर म्हणतोय, तुझ्या बोटीत माझ्या मेंढ्या घालू,
म्हणजे पडल्या तरी पोचतील.
बेरगटोरा म्हणाली, विचार करते.
मंगळवारपासून
करतेय.