तोंडी व्यवहार

आमच्या धंद्यात कागद नंतर येतो.
आधी हलते मान, एवढीशी,
किंवा टोपीच्या कडेला लागतं एक बोट.
एक्केचाळीस वर्षं मी गुरांचा लिलाव पुकारतोय
नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत,
आणि मान हलवून मागाहून "माशी होती" म्हणणाऱ्याला
खोंड घ्यायलाच लावलाय.

म्हणून ब्रीना फोन उपडा ठेवून म्हणाली,
"आजोबा, मला आता नाही म्हणायचंय,"
तेव्हा मी आधी रेडिओ बंद केला.

पंधराची होती ती, हो म्हणाली तेव्हा.
दातांना तार, गुडघ्याला पट्टा,
पिकअपच्या मागच्या फळीवर पाय हलवत
साडेतीनशे मैलांवरच्या एका कोचबाईला म्हणाली:
तुमच्याकडेच खेळेन.
बाई तिकडे रडली. इकडे आम्ही.
दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कॉलेजचा हिरवा रंग आणला,
छटा तीनदा जुळवून,
आणि गुरांची पाण्याची टाकी रंगवली.

आता सतराची आहे. उडी मारली की
कोपर जाळीच्या वर दिसतं.
आता मोठं विद्यापीठ फोन करतं,
जिथे व्हॉलीबॉलला नऊ हजार माणसं तिकीट काढून येतात.

"शब्द दिला होतास ना?"
"दिला होता. त्याच वर्षी मी म्हणाले होते
की जन्मात कधी मासे खाणार नाही."

शब्द पाळायचा असतो, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता अडखळलो.
पाळणं मला ठाऊक आहे.
फेब्रुवारीत रात्री दोनला उठणं,
ओलं वासरू कोटाच्या आत धरून
ट्रकच्या हीटरपुढे बसणं.
आणि पाळलेलं एकूण एक जनावर
मी शेवटी विकलंय.

हे तिला सांगितलं नाही.

ती म्हणाली, कोचबाईंनी दोन जागांसाठी
तीन सेटरना हो म्हटलं होतं.
तिसरीला मार्चमध्ये ईमेल आला. चार ओळींचा.
"शेजाऱ्याचं कुंपण मोडकं म्हणून
आपलं फाटक उघडं टाकायचं?"
ती गप्प.
"आणि त्या मोठ्या ठिकाणी?
तुला बसवायला कुणाला उठवलं?"
टेबलावर मेणबत्तीचं मेण सांडलं होतं,
ते ती नखाने खरवडत राहिली.
"साउथ डकोटाची एक मुलगी आहे. नाव नाही माहीत."
बरंच मेण निघालं.
"ॲनिका थोर्सरुड," ती म्हणाली.

मी एवढंच मागितलं: मेसेज नाही.
आवाजाने दिलेलं आवाजानेच परत कर.

दाराआडून ऐकू आलं, "हॅलो, कोच,"
मग फ्रिज सुरू झाला, घरघरला, बंद पडला,
तरी पलीकडून बाई बोलतच होती.
"हो मॅम. नाही मॅम. हो."
बाहेर येऊन तिने सिंकमध्ये तोंड धुतलं
आणि उभ्यानेच थंड बटाटे खाल्ले.
चूक केलीस, असं माझ्या तोंडून निघालं नाही.
बरं केलंस, असंही नाही.

गुरुवारच्या लिलावात वर्ल स्वोबोडाचा धाकटा,
एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच बोली लावणारा,
मान हलवून बसला सात गाईंवर
आणि मग हातातल्या आकड्यांकडे बघून पांढरा पडला.
माझा हातोडा वर होता.
"माशी होती का रे?" मी माइकवरून विचारलं.
मांडव हसला.
माझ्या मनात होतं, त्याने हो म्हणावं.
"नाही," तो म्हणाला, "मीच हलवली."
मी हातोडा मारला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मला तो फार मोठ्याने वाजल्यासारखा वाटला.

टाकी हिरवीच आहे अजून.
बायको म्हणते, पुन्हा रंगव.
गुरं एका कडेला अंग घासतात,
तिथला रंग तेवढा गेलाय.