साडेसत्तेचाळीस

पंच्याण्णवचा फीडर, तळघरातून तिसऱ्या मजल्यावर.
अर्थिंग त्याच्या निम्मी: साडेसत्तेचाळीस.
सियागंजात या मापाची तार मिळत नाही,
पन्नास लिहिलं.

झंवरशेठ चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"सोळाची टाका ना, भिसेबाई.
हिच्यातून तर काही वाहतच नाही."

खरंय.
लिफ्ट चढेल, एसी गुरगुरतील,
ही हिरवी ट्रेच्या कडेला नुसती पडून राहील
वीस वर्षं,
बिलात एक युनिटही न वाढवता.

मग कधीतरी एखादा उंदीर,
दारात चेमटलेली केबल,
आणि पॅनेलच्या पत्र्यावर हात टेकून उभा
आमचा भूपेंद्र, घामेजलेला.
त्या पाव सेकंदात
सगळं हिच्यातूनच जायचं.
बारीक असली तर ब्रेकरच्या आधी हीच वितळेल.

शेठना एवढं बोलले नाही.
पन्नास तसंच ठेवलं, मजुरी थोडी कमी केली.

बाहेर खड्ड्यापाशी भूपेंद्र बादली घेऊन.
मे महिन्यातली माळव्याची काळी माती,
बोट जाईल एवढ्या भेगा,
घटाघटा पितेय.

"किती घालू, मॅडम?"
मीटर एकच्या खाली येईपर्यंत.

सव्वावर होता.
अजून एक बादली.